शुक्रवारची पाटी

खंडू,

तू गेल्याची बातमी लागली तेव्हा मी आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होते. सात कप्पे, सात वार. टीव्हीवरची मुलगी म्हणाली, "तरुणपणी कारखान्यातल्या मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली, तरी त्यांनी संबळ सोडलं नाही." नंतर पाहिलं तर शुक्रवारच्या कप्प्यात दोन दिवसांच्या गोळ्या पडल्या होत्या.

त्या मुलीची काही चूक नाही. हे खोटं तू स्वतः सांगितलंस, पहिल्या मुलाखतीत सांगितलंस आणि मग प्रत्येक मुलाखतीत सांगितलंस. तू सांगत राहिलास, मी वाचत राहिले. आता तू नाहीस. ते खोटं एकट्या माझ्याकडे राहिलंय, आणि मला ते सांभाळायचं नाही.

परवा महापालिकेतून एका बाईंचा फोन आला. तुझी सुरुवात ज्या जागांवर झाली तिथे फलक लावायचे आहेत म्हणे. यादी त्यांच्याकडे तयार होती. दिघीतलं तुझं घर. आळंदीचा घाट, जिथे तू रियाज करायचास असं कुणीतरी छापलंय. पिंपरी कॅम्पातलं तांबटाचं दुकान, जिथे तुझं संबळ घडलं. चाकणचा बाजार, जिथे तू पहिल्यांदा लोकांपुढे उभा राहिलास. "आणि पाचवी जागा कारखान्याचं गेट," बाई म्हणाल्या. "आजी, तुम्ही त्यांच्या गावच्या. गेट कुठल्या कंपनीचं, तेवढं सांगा."

मी म्हटलं, दोन दिवसांनी फोन करा.

हे माझ्या नातवंडांनाही पाठवणार आहे. दोघं समुद्रापलीकडे आहेत आणि तुला रेकॉर्डवरून ओळखतात. धाकटीने मला मागे विचारलं होतं, "आजी, त्यांचा एक ठोका नेहमी जरासा उशिरा का पडतो?" मी तिला विषय बदलून पावसापाण्याचं विचारलं. त्यांना समजावं म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही मी इथे पहिल्यापासून लिहिणार आहे. आणि एक गोष्ट अशी आहे की जी तुलाही ठाऊक नव्हती.

पन्नासचं दशक अर्धं उलटलं होतं. माझे वडील डॉक्टर, दिघीत त्यांचा दवाखाना, दवाखान्यामागे आमचं घर. आसपासच्या पाच-सात गावांत दुसरा डॉक्टर नव्हता. मी सतरा वर्षांची, दूधवाल्याच्या टांग्यातून खडकीच्या इंग्रजी शाळेत जाणारी. तू एकोणीसचा, गोंधळ्यांच्या घरातला धाकटा. मी तुला अरेतुरे करायची, तू मला 'ताई, तुमी' म्हणायचास. पुढे सगळा महाराष्ट्र तुला अहोजाहो करायला लागला, तरी आपल्यात तेच चालू राहिलं. ते बदलावं असं माझ्या कधी मनात आलं नाही. आज लिहिताना आलं.

तुमच्या घरात रीत होती. बापाचं संबळ थोरल्याकडे जायचं, म्हणजे म्हसूकडे. धाकट्याने त्याच्या शेजारी दिवटी धरून उभं राहायचं, स्वतःचं संबळ होईपर्यंत. संबळाची दोन भांडी असतात, एक लाकडाचं आणि एक तांब्याचं. लाकूड तुला कुठूनही मिळालं असतं. तांबं फक्त एका ठिकाणी होतं, गावापलीकडच्या लष्कराच्या रानात.

त्या रानात गोळाबारीचा सराव चालायचा. तोफेच्या गोळ्याच्या कमरेला तांब्याचा पट्टा असतो. फुटलेल्या गोळ्यांचे तुकडे रानात विखुरलेले असायचे आणि गावातली वीसेक माणसं छिन्नी-हातोडीने ते पट्टे सोडवून आणायची. त्याला परवानगी नव्हती, पण ठरलेल्या शिस्तीत चालायचं. लष्कराकडून चावडीवर इंग्रजी नोटीस यायची. दोन दिवस गोळाबारी, तिसऱ्या दिवशी त्यांची माणसं न फुटलेले गोळे शोधून उडवणार, चौथ्या दिवशी रान मोकळं. त्या चौथ्या दिवशी सगळे एकदम आत शिरायचे. अखंड गोळा दिसला तर हात लावायचा नाही, एका म्हाताऱ्या वेचणाऱ्याला हाक मारायची, तो लांबून बघून सांगायचा. म्हातारा नाही म्हणाला की नाही.

इंग्रजी वाचता येणारे गावात वडील आणि मी दोघंच, आणि वडिलांना रोग्यांतून सवड नसायची. मी ती वाचायची आणि चावडीच्या काळ्या पाटीवर खडूने मराठीत लिहायची. माझं अक्षर चांगलं होतं. मोठी माणसं माझ्या पाटीसमोर उभी राहून कुणाकडून तरी वाचून घ्यायची आणि त्याप्रमाणे गुरं सोडायची किंवा बांधून ठेवायची. सतराव्या वर्षी हे डोक्यात जातं.

त्या आठवड्याची नोटीस आली तेव्हा तुम्ही दोघं भाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. म्हसूच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता.

"ताई," तू म्हणालास, "ह्या खेपेला पाटीवर शुक्रवार बी घाला की."

"शुक्रवारी गोळाबारी नाही. मंगळवार, बुधवार आहे. शुक्रवारी रान मोकळं आहे."

"ठावं हाय मला. म्हणून तर म्हंतो."

म्हसू हसला. त्याला हसायला कमी कारण लागायचं. "त्येला एकट्याला जायाचंय, ताई. वीस जणांत ह्याच्या वाट्याला येतं नखाएवढं. तेवढ्यावर संबळ व्हायाचं म्हंजी ह्याच्या नातवंडांचं बारसं व्हईल."

"आन तवर मी दिवटी धरू?"

"धर की. हात भाजल्याबिगर कोन गोंधळी झालाय?"

"तुझा कुठं भाजलाय?"

"माझा न्हाई. म्या थोरला हाय."

मी म्हटलं, सरकारी नोटीस आहे, खोटं लिहिणं बरं नाही. तू म्हणालास, "खोटं कशाचं, ताई? एक दिस लोक घरी ऱ्हातील. शनवारी जातील. कुनाचं काय बिघडतंय?"

त्याआधी तुला मी दवाखान्याच्या मागच्या अंगणात रिकाम्या डब्यांवर वाजवताना ऐकलं होतं. बोरिक पावडरचा मोठा डबा आणि कापसाचा खोका. वडील आतून ओरडले होते, "कोण आहे रे, रोगी झोपलाय," आणि मग स्वतःच दारात येऊन ऐकत उभे राहिले होते. तुला संबळ मिळावं असं मला वाटत होतं. आणि माझ्या एका शब्दाने ते होणार होतं. पाटीवर मी लिहिलं: मंगळवार, बुधवार गोळाबारी. गुरुवार, शुक्रवार न फुटलेले गोळे उडवतील. शनिवारी रान मोकळं.

बास, एवढंच. एक वार जास्तीचा.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास रानातून एकच आवाज आला. गावात कुणी मान वर केली नाही. पाटीवर शुक्रवार होता.

त्यानंतर किती वेळाने तू दिसलास ते मी पुढे सांगेन. म्हसू तुझ्या खांद्यावर होता, डोकं खाली, हात लोंबत. तुझा सदरा लाल होता आणि त्यातलं तुझं किती आणि त्याचं किती हे कळायला मार्ग नव्हता. उजवा हात तू धोतराच्या फाडलेल्या पट्ट्यात गुंडाळला होतास आणि तो पट्टा कोपरापर्यंत भिजून काळा पडला होता. तू पायरी चढलास आणि म्हसूला टेबलावर ठेवण्याऐवजी त्याच्यासकट जमिनीवर कोसळलास. त्याचं डोकं फरशीवर आपटलं. तो आवाज तुझ्या कुठल्याही ठोक्यापेक्षा मला जास्त नीट आठवतो.

ओढ्याच्या चिखलात एक गोळा रुतलेला होता. म्हसूला वाटलं, फुटलेलाच आहे, अर्धा चिखलात आहे म्हणून अखंड दिसतोय. तू तो धरून ठेवलास आणि त्याने पट्ट्यावर छिन्नी लावली. लांबून बघून नाही म्हणायला म्हातारा तिथे नव्हता. माझ्या पाटीमुळे तो घरी दावं वळत बसला होता. वडील नंतर म्हणाले, गोळ्याच्या नाकावरची नुसती टोपी, ज्याने गोळा पेटतो ती, उडाली असणार. गोळा फुटला असता तर उचलून आणायला काही उरलं नसतं.

म्हसूची मांडी आतून उघडी पडली होती. वडिलांनी गुडघा त्याच्या जांघेत रोवून दाब दिला, माझ्याकडे चिमटे मागितले, मी दिले. त्यांनी चिमटे घातले. मग ते थांबले आणि त्यांनी गुडघा काढला. रक्त आलं नाही. यायला उरलंच नव्हतं. वडील कधी रोग्याच्या नातेवाइकांसमोर कडवट बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "अर्धा तास आधी आणायला काय झालं होतं? एवढ्या मोठ्या गावात खाट धरायला चार माणसं मिळाली नाहीत?"

तू म्हणालास, "कुनी नव्हतं."

मग त्यांनी तुझा हात सोडवला. तर्जनी मुळापासून गेली होती, मधलं बोट कातड्याला लटकत होतं. भुलीचं औषध नीट चढायला वेळ नव्हता. मी तुझं मनगट टेबलावर दाबून धरलं आणि वडिलांनी हाड कापलं.  तू चादरीखालच्या म्हसूकडे बघत होतास आणि तुझी टाच टेबलाच्या पायावर आपटत होती. पुढे आठ दिवस तुझा हात सडण्याच्या बेतात होता. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात नुकतं तयार व्हायला लागलेलं पेनिसिलिन वडिलांनी स्वतः सायकलवरून जाऊन मिळवलं. तुझ्या कहाणीत कारखाना आहे तो एवढाच, खंडू. त्याने तुझं काही घेतलं नाही. उरलेला हात दिला.

म्हसू गेल्यावर चौथ्या दिवशी चावडीवर गाव जमलं. लष्कराने रानाला काटेरी तार घातली होती आणि पहारे बसवले होते. वीस घरांची पोटाची सोय बंद झाली. आणि पहाऱ्यावरच्या शिपायाकडून कळलं होतं की शुक्रवारी गोळे उडवणार नव्हतेच, रान मोकळं होतं.

"पाटी कुनी बदलली?" पाटलाने विचारलं.

मी दप्तर घेऊन लिंबाखाली उभी होते, शेजारी वडील. लोक माझ्याकडे वळायला लागले होते. पाटी कोण लिहितं हे काय लपलेलं होतं? तेवढ्यात तू म्हणालास, "म्या बदलली. ताई लिहून गेल्या, मागनं म्या शुक्रवार वाढवला."

कुणीतरी हसलं. "तुला कवा लिहाया यायला लागलं रं?"

"येवढा एक शबुद शिकलो."

"मंग दाव लिहून." पाटलाने खडू पुढे केला.

तू बँडेजचा हात वर केलास. "ह्या हातानं?"

तुझ्या चुलत्याने आसूड काढला. पहिल्या फटक्याला सदरा फाटला. तिसऱ्याला तू गुडघ्यावर आलास. मग ज्यांच्याकडे आसूड नव्हता त्यांनी लाथा घातल्या, आणि एकाने मुद्दाम बँडेजवर पाय दिला. वडील मध्ये पडले, त्यांचा चष्मा फुटला. "अरे, रोगी आहे तो माझा," ते म्हणत होते. तू मातीत तोंड करून पडला होतास आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर मी कदाचित बोलले असते. मी साठ वर्षांहून जास्त काळ स्वतःला हे सांगत आलेय, पण ते खरं आहे की नाही हे मला माहीत नाही.

म्हसूचा दहावा आळंदीला इंद्रायणीच्या घाटावर झाला. वडील गेले आणि मला घेऊन गेले. तुला यायची मनाई होती. तू आलास, पण पलीकडच्या काठावर उभा राहिलास. तुझ्या आईने तुला पाहिलं. ठकूआई बारीक चणीची बाई, कधी आवाज चढवून बोललेली मी ऐकली नव्हती. ती पाण्यात पोटरीभर उतरली आणि तिने एक दगड उचलून तुझ्या दिशेने फेकला. मग दुसरा. मग तिने ओच्यात दगड भरून घेतले. एकही तुझ्यापर्यंत पोचत नव्हता, सगळे पाण्यात पडत होते, आणि तू मागे सरकत नव्हतास. उलट दोन पावलं पाण्यात पुढे आलास. शेवटी एक दगड तुझ्या कपाळावर लागला. ती थांबली. तू रक्त पुसलं नाहीस. बायकांनी तिला धरून वर आणलं.

त्या घाटावर आता फलक लागणार आहे, तू तिथे रियाज करायचास म्हणून.

तिथून परतताना मी वडिलांना चुकवून पूल ओलांडला आणि तुला गाठलं. आपलं भांडण त्या दिवशी सुरू झालं.

"मी ठकूआईला जाऊन सांगते," मी म्हटलं. "पाटी मी लिहिली."

"सांगा. मंग गाव तुमच्या बापाला हाकलून देईल. त्येच्या मागनं सुई कोन टोचनार? बाळंतपनं कोन करनार? पाटील?"

"मग तू एकट्याने मार खायचा?"

"खाऊन झाला की. आता काय निम्मा परत करू?"

"खंडू, ही थट्टा नाही."

"थट्टा न्हाई, ताई. म्हसू यायला हो म्हनत नव्हता. म्याच त्येला वढत न्हेला. तुमी नुसतं लिवलं."

मी त्या 'नुसतं'वर तुझ्याशी पुढची सगळी वर्षं भांडत आले. तू मला न विचारता माझा अपराध आपल्या अंगावर घेतलास. लोक याला मोठेपणा म्हणतील. मला कित्येकदा तुझा संताप आला. तू मला बोलायची एक संधी दिली असतीस, एक दिवस तरी थांबला असतास, तर मी कशी आहे हे मला कळलं असतं. तू थांबला नाहीस. माझ्यासाठी ते ठरवून टाकलंस.

तू चुलीमागे लपवलेलं तांबं ठकूआईने पोत्यासकट गटारात ओतलं होतं. ते मी वेचलं. धुतलं, पुसलं, बोरिक पावडरच्या त्याच मोठ्या डब्यात भरलं आणि वडिलांच्या कपाटात इतर डब्यांच्या रांगेत ठेवलं. महिन्याभराने तू पिंपरी कॅम्पात आहेस असं कळल्यावर तिथे घेऊन आले. फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी माणसं त्या कॅम्पाच्या बराकींत राहत होती आणि बराकींच्या पुढ्यात दुकानं मांडत होती. तोलाराम तांबट त्यांतला एक. तू त्याच्या दुकानात डाव्या हाताने भाता ओढत होतास.

तोलारामने डबा उपडा केला, एक पट्टा उचलून उजेडात धरला. "तोप का है," तो म्हणाला.

मी हो म्हटलं आणि तो परत करेल म्हणून वाट पाहत राहिले. त्याने तुझ्या हाताकडे पाहिलं. "भाई?"

तू मान हलवलीस.

"मेरे दो थे," तोलाराम म्हणाला. "हातोडा पकड़."

उजव्या हाताची तीन बोटं आणि एक चामड्याचा पट्टा, एवढ्यावर तू हातोडा धरायला शिकलास. पहिले काही दिवस प्रत्येक घावाला टाके उसवायचे आणि तांब्यावर रक्त पडायचं. तोलाराम ते फडक्याने पुसायचा आणि म्हणायचा, "फिर मार." कमी पडलेलं तांबं तोलारामने आपल्या मोडीतून घातलं, आणि भांडं गोल व्हायला सगळा हिवाळा गेला. त्यावर कातडं चढलं त्या दिवशी तोलारामने मला निरोप पाठवला, आणि कॅम्पातल्या एका लग्नात भर दुपारी, मांडवाच्या कडेला मी तुला पहिल्यांदा खऱ्या संबळावर ऐकलं. वाकडी काठी तू मनगटाला पट्ट्याने आवळून बांधली होतीस. ते वाजवणं नव्हतं. तू त्या भांड्याला मारत होतास. नवरदेवाची आई कानावर हात ठेवून उभी राहिली आणि बाप खिशातून रुमाल काढून रडायला लागला. त्या मांडवात मारलं गेलेलं माणूस नाही असं घर बहुधा एकही नव्हतं.

चाकणचं तू मला स्वतः सांगितलंस, आणि जरा खुशीत सांगितलंस. बाजाराच्या दिवशी कांद्याच्या ढिगांमध्ये उभा राहून तू वाजवत होतास, गर्दी जमली होती, आणि त्यात दिघीचा तो माणूस होता, बँडेजवर पाय देणारा. त्याने खिशातला चाकू काढून लाकडी भांड्याचं कातडं उभं फाडलं. तू तांब्याच्या एकट्या भांड्यावर वाजवत राहिलास. त्याने चाकू तिकडे वळवला तेव्हा तू ती मनगटाला बांधलेली वाकडी काठी त्याच्या तोंडावर हाणलीस. पुन्हा हाणलीस. माणसांनी ओढून काढेपर्यंत हाणत राहिलास. "दोन दात," तू म्हणालास. "आन गंमत सांगू ताई, त्येबी तालात बसलं." मी हसले नाही. तू म्हणालास, "नका हसू. पर मला बरं वाटलं, त्ये खरं हाय." तिथे आता लिहिणार आहेत की लोकांनी तुला डोक्यावर घेतलं. घेतलंही असेल, पण त्या माणसाला उचलून नेल्यावर.

मग तू मोठा झालास. ते सगळं छापून आलेलं आहे, मी लिहीत नाही.

तुझा तो उशिराचा ठोका. जाणकारांनी त्यावर लेख लिहिले. एकदा तू आमच्याकडे जेवायला आला होतास, माझे यजमान तेव्हा होते, आणि त्यांनी तुला सरळ विचारलं की हे कुणाकडून शिकलास. तू भाकरी मोडत होतास.

"उशिरा न्हाई पडत, सायेब. म्हसू माझ्याहून वजनदार व्हता. त्येला खांद्यावर घेऊन चाललं की एक पाय लगीच पडतो आन दुसरा वढून आनावा लागतो. रानापासनं दवाखान्यापतुर म्या तसाच आलो. डोक्यात कायबी नव्हतं, नुसतं पाय मोजत व्हतो. त्येच हाय त्ये."

 मी आत ताक आणायला गेले आणि बराच वेळ आले नाही. तुला वाटलं असेल, ताईंना रडू आलं. रडू नव्हतं आलं, खंडू. आता ते सांगते, जे मी त्या दिवशी सांगायला हवं होतं आणि त्याआधी पुष्कळदा.

शुक्रवारी दहा वाजता तो आवाज झाला तेव्हा गावात कुणी मान वर केली नाही, कारण पाटीवर शुक्रवार होता. मी केली. शुक्रवारी लष्कराचं रानात काही काम नाही हे सगळ्या गावात तुमच्याखेरीज एकट्या मला ठाऊक होतं. शाळेला सुट्टी होती, मी अंगणात वडिलांच्या काचेच्या बाटल्या धूत होते. आवाज ऐकला आणि त्याच क्षणी मला कळलं. मी उठून उभी राहिले. वडील आत होते, दहा पावलांवर. त्यांना हाक मारली असती तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत? मी पुन्हा खाली बसले आणि उरलेल्या बाटल्या धुतल्या. सगळ्या धुतल्या, पालथ्या घातल्या, मोठ्या एकीकडे, लहान एकीकडे. मग पुसल्या. मनात म्हणत होते, काही नसेल, ते येतीलच हसत. शेवटची बाटली फळीवर ठेवली तेव्हा तू दारात आलास. दवाखान्यातलं घड्याळ मी आवाज झाला तेव्हा दारातून पाहिलं होतं आणि तू आलास तेव्हा पुन्हा पाहिलं. एक तास होत आला होता.

वडील म्हणाले, अर्धा तास आधी.

तू पाय मोजत होतास तेवढा सगळा वेळ मी बाटल्या धूत होते. तू जगाला ऐकवलेला तो ठोका माझ्या त्या तासाचा आहे. तुझी प्रत्येक रेकॉर्ड माझ्याकडे आहे, आणि मी एकही पूर्ण ऐकू शकलेले नाही.

पाटीसाठी तू मार खाल्लास. या तासाबद्दल तुला कळलं असतं तर खाल्ला असतास का? हे मला विचारायचं होतं. ठकूआई असेपर्यंत सांगायचं नाही असं तू वचन घेतलं होतंस. ती गेली तेव्हा मी तुला फोन केला. म्हटलं, "आता सांगू दे. आणि तुलाही एक सांगायचंय."

"मला काय सांगताय? मला ठावं हाय समदं."

"नाही ठाऊक."

तू बराच वेळ बोलला नाहीस. मग म्हणालास, "मंग आता माझीबी पाळी हून जाऊ द्या. मंग सांगा, कुनाला सांगायचं त्येला." आणि लगेच माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस. तुला अंदाज आला होता का, खंडू? तुझे कान तर कुणापेक्षाही तयार होते. तेव्हापासून मी त्या गप्प राहण्याचा अर्थ लावत राहिले आणि आता तो सांगणारं कुणी नाही.

आज त्या बाईंचा फोन आला. मी सांगितलं, कारखान्याचं गेट यादीतून काढा, बोटं कारखान्यात गेली नाहीत. त्या जागी दिघीची जुनी चावडी घाला, जिथे पाटी टांगलेली असायची. त्या म्हणाल्या, "तिथे त्यांनी काय केलं होतं, आजी?" मी सगळं सांगितलं, बाटल्यांपर्यंत.  मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे फलकावर कसं लिहिणार? आणि तुमचं नाव...?"

म्हटलं, मजकूर मी लिहून पाठवते. लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा. नातवंडांना प्रत गेलेली असेल.

माझं अक्षर अजून वाचता येतं. खाली रेघ मारून, पाटीवर लिहायचे तसं मोठ्या अक्षरात लिहिलंय:

मंगळवार, बुधवार गोळाबारी. गुरुवारी न फुटलेले गोळे उडवतील. शुक्रवारी रान मोकळं आहे. शुक्रवारी आवाज आला तर धावा.

पाटीखाली मी कधी नाव घालत नसे. आज घातलंय.